साठ नग पिशाच्चं

नंबरकाकांच्या हातून आयुष्यात एकच काम अगदी मनापासून, बिनचूक आणि वेळेच्या आधी झालं, आणि नेमका त्याचाच त्यांना जन्मभर पस्तावा करावा लागला. माणसं अर्धवट राहिलेल्या कामांबद्दल हळहळतात. काकांचं सगळंच उफराटं.

'नंबरकाका' हे नाव त्यांना इमारतीने दिलं होतं. ते एका मोठ्या कार्यालयाच्या कोठीवर भांडारपाल. टेबलं, खुर्च्या, पंखे, कपाटं, पाण्याचे जग, सगळं त्यांच्या ताब्यात. आणि "नग म्हटला की नंबर आलाच" हा त्यांचा बाणा. ज्या नगाला नंबर नाही तो हरवला तर शोधायचा कसा आणि सापडला तर ओळखायचा कसा, असं ते विचारायचे, आणि ह्या प्रश्नाला उत्तर देण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. ही सवय घरीही आली होती. बादल्या एक ते चार, छत्र्या एक ते तीन, उशा एक ते सहा. मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी उठला की काका आधी त्याला झोप कशी लागली ते विचारत आणि मग पाच नंबरची उशी पालथी करून बघत. "एवढ्या घरात माझीच काय ती पाठ कोरी राहिलीय," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. हसून सांगायच्या, पण फार हसून नाही.

त्यांची लेक सव्वीस वर्षांची. नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होती, आणि सहा वर्षं दर रविवारी एक निळा डबा काखोटीला मारून पत्ते खेळायला जायची. पत्ते म्हणजे राजा-राणी-गुलाम नव्हेत. हे पिशाच्चांचे पत्ते. एकेका पत्त्यावर एकेक व्हॅम्पायर, नाहीतर त्याचं एखादं कारस्थान. शेकडो पत्त्यांतून आपल्याला हवे ते साठ निवडायचे, त्यांचा कॅट बांधायचा आणि समोरच्याशी भिडायचं. प्रत्येकाकडे रक्ताचे तीस थेंब. ज्याचे संपले तो मेला. काकांना हा खेळ पसंत नव्हता असं नाही. त्यांना तो ठाऊकच नव्हता. सहा वर्षांत त्यांनी त्या डब्यात काय आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग तिची दूरच्या शहरात बदली झाली. महिनाभराने जायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी ती निळा डबा घेऊन बाबांच्या खुर्चीसमोर (खुर्ची क्रमांक दोन) येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, थोडा वेळ आहे का?"

हे वाक्य काकांच्या चांगलंच ओळखीचं होतं. लहान असताना ती रोज संध्याकाळी हेच विचारायची, आणि काका म्हणायचे, "आत्ता नाही बाळ, साठा पडताळणी चालू आहे." साठा पडताळणी वर्षातून एकदा असते. काकांची बारा महिने चालायची. पुढे तिने विचारणं सोडलं, आणि ते नक्की कधी सोडलं, ह्याची काकांच्या कुठल्याच वहीत नोंद नव्हती. तेव्हा काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आहे की. भरपूर आहे."

"तीन आठवड्यांनी स्पर्धा आहे. जायच्या आधीची माझी शेवटची," ती म्हणाली. "सहा वर्षांत मी काही जिंकलेली नाही. ह्या वेळी थीम डेक आहे. म्हणजे साठच्या साठ पत्ते एकाच कल्पनेत बसले पाहिजेत. मला काही सुचतच नाहीये. सगळे आपले चावणाऱ्यांचेच डेक आणणार."

"नियम कुठे लेखी आहेत का?" काकांनी विचारलं.

झालं. तिने नियमांची चव्वेचाळीस पानी पुस्तिका आणून दिली आणि काकांना जणू माहेर सापडलं. दोन दिवस ते पुस्तिका वाचत होते. नुसतं वाचत नव्हते, लाल पेन आणि पट्टी घेऊन खाली रेघा मारत होते. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक ऑफिसातून येऊन चपला काढते न काढते तोच काका दारातच म्हणाले, "ही पिशाच्चं सभा घेतात, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

एकोणिसाव्या पानावर होतं ते. पिशाच्चांच्या घराण्यांना आपापसांत सभा बोलावता येते. सभेत ठराव मांडायचा, मतं घ्यायची, ठराव मंजूर झाला की विरोधकांच्या रक्तातून थेंब कापले जातात. आणि मुख्य म्हणजे, सभा चालू असताना कोणी कोणाला चावू शकत नाही.

"पण सभा कोणी खेळत नाही बाबा. फार कंटाळवाणं असतं."

"कंटाळवाणं?" काका खुर्चीत सरसावून बसले. "अगं, कंटाळा हेच तर हत्यार आहे! आमच्या कार्यालयात एकतीस वर्षांत कोणी कोणाला चावलेलं नाही. का? चावायला उसंतच नाही. सकाळी सभा, दुपारी तिचं इतिवृत्त, संध्याकाळी इतिवृत्त मंजूर करायची सभा. माणसं नुसती सुकून जातात."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या, काय झालं म्हणून. "आई, थीम मिळाली," ती म्हणाली. "न चावणारी पिशाच्चं!"

इथून पुढचे अडीच आठवडे काकांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. हे त्यांना तेव्हाही कळत होतं, ही त्यातली दुर्मीळ गोष्ट. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पत्ते पसरायचे. काका रडतखडत खेळायलाही शिकले. पहिले नऊ डाव त्यांचं रक्त दहा मिनिटांत संपलं. दहाव्या डावात त्यांनी "ठराव क्रमांक चार पुढील सभेपर्यंत तहकूब" असं काहीतरी केलं आणि लेकीला पाऊण तास अडकवून ठेवलं. "बाबा, तुम्ही भयंकर आहात," ती म्हणाली. एवढी मोठी शाबासकी त्यांना कार्यालयातही मिळाली नव्हती.

पण एखाद्या घरात सुखाने काही चाललंय म्हटल्यावर शेजारी थोडेच गप्प बसतात! तळमजल्यावर रक्तपेढीतून निवृत्त झालेल्या मावशी राहायच्या. त्यांनी एक पत्ता उचलला, चष्म्याखालून बघितला आणि म्हणाल्या, "तीस थेंब, बरोबर. पण गट कोणता?"

"गट नाही हो मावशी, हा खेळ आहे," लेक म्हणाली.

"खेळ असेना का! गट जुळवल्याशिवाय कोणाचंही रक्त कोणालाही? आणि हा म्हातारा म्हणे तीनशे वर्षं वाड्यात रक्त साठवून बसलाय. काय तापमानाला? आमच्याकडे पस्तीस दिवस झाले की पिशवी रद्द. ह्याच्यावर तारीख घाला." तारीख घालायचा मोह काकांना क्षणभर झालाही होता, पण तो त्यांनी आवरला. पुढे त्यांना वाटायचं, तेव्हा आवरला तसा नंतरही आवरला असता तर?

समोरचे दातांचे डॉक्टर आले ते हातात टॉर्च घेऊनच. चित्रातले सुळे त्यांना साफ नामंजूर होते. एवढे सुळे असलेल्या माणसाचा जबडा मिटणारच नाही, जबडा मिटला नाही तर तोंड कोरडं पडणार, तोंड कोरडं पडलं तर हिरड्या जाणार. तेव्हा मूळ कल्पनाच चुकीची आहे, असं त्यांनी पाऊण तास पटवून दिलं, आणि जाता जाता काकांच्या दाढेत टॉर्च मारून "ही काढावी लागेल" असं सांगून गेले. ती दाढ तोवर दुखत नव्हती. त्या दिवसापासून दुखायला लागली.

त्याहून वरताण इमारतीच्या सेक्रेटरींनी केली. जिन्यातून जाताना त्यांनी काकांचा आवाज ऐकला होता: "हिचं रक्त फक्त चार थेंब राहिलंय, आता पुढच्या सभेत संपवू." दुसऱ्या दिवशी काकांच्या दाराखाली लेखी विचारणा. सदर सदनिकेत मंत्रतंत्र अथवा तत्सम प्रकार चालतात किंवा कसे, ह्याचा सात दिवसांत खुलासा करावा. आयुष्यभर दुसऱ्यांकडून खुलासे मागवलेल्या माणसावर खुलासा देण्याची पाळी! काकांना ते फार लागलं. पण त्यांनी खुलासा दिला. तीन प्रतींत दिला. सोबत नियमांची पुस्तिकाही जोडणार होते, लेकीने ती कशीबशी वाचवली.

एवढं होऊन कॅट एका पत्त्याने अडला. 'तळघराचा राखणदार' नावाचा पत्ता हवा होता. फार जुना, कुठे मिळेना. हा म्हातारा पिशाच्च कोणाला चावत नाही, सभेत बोलत नाही, नुसता किल्ल्यांचा जुडगा घेऊन तळघराच्या दाराशी बसतो. पण तो टेबलावर आहे तोवर त्याच्या घराण्याचा एकही पत्ता कोणाला पळवता येत नाही. चित्रात त्याला टक्कल होतं, नाक लांब होतं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता.

"बाबा, हा तुम्ही," लेक फोनवर त्याचं चित्र दाखवत म्हणाली.

"माझं नाक एवढं नाही," काका म्हणाले. मग आरशात जाऊन बघून आले. त्या दिवसापासून मात्र त्यांना तो पत्ता मिळवल्याशिवाय चैन पडेना.

शोधता शोधता कळलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला एक घड्याळजी आहेत, पन्नाशीचे, हाच खेळ खेळणारे, त्यांच्याकडे एक राखणदार आहे. काका दोन बस बदलून एकटेच गेले. टीचभर दुकान, भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. घड्याळजींनी डोळ्याची भिंगाची नळी काढून काकांकडे बघितलं.

"लेकीसाठी पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"हो. तिची शेवटची स्पर्धा आहे."

घड्याळजींनी नळी पुसून गल्ल्यावर ठेवली. मग गल्ल्यामागच्या कप्प्यातून त्यांनी मऊ कापडात गुंडाळलेला पत्ता काढला. "आठ वर्षं आहे माझ्याकडे. एक ओरखडा येऊ दिलेला नाही. जपून वापरा म्हणावं." बदल्यात त्यांनी लेकीने दिलेले तीन पत्ते घेतले. काकांनी पावती लिहून दिली: 'एक नग पत्ता, चांगल्या स्थितीत, मिळाला.' घड्याळजींनी ती पावती वाचली, हसले आणि घडी करून खिशात ठेवली.

साठ पत्ते पुरे झाले. स्पर्धा रविवारी. शनिवारी लेकीला ऑफिसात काम दुसऱ्याच्या हवाली करायला जायचं होतं. निघताना तिने निळा डबा बाबांच्या हातात दिला.

"बाबा, साठ आहेत का तेवढं मोजून ठेवाल? एकसष्ट झाले तरी बाद करतात. आणि यादी द्यावी लागते, ती लिहून ठेवा. मला यायला संध्याकाळ होईल."

"तू जा निश्चिंत," काका म्हणाले.

आता काय झालं ते नीट ऐका, कारण काकांनी पुढे हे शंभर वेळा स्वतःशी घोळवलं आणि प्रत्येक वेळी त्यांना ते तितकंच बरोबर वाटलं. टेबल पुसलं. पत्ते लावले. आधी पिशाच्चं, मग सभा, मग ठराव, मग बाकीचं. मोजले, साठ. उलटे मोजले, साठ. सुवाच्य अक्षरात यादी केली: अनुक्रमांक, नगाचं वर्णन, शेरा. तीन प्रती. एक पंचांना, एक लेकीला, एक दप्तरी. आणि मग त्यांच्या मनात आलं की उद्या तिथे शे-दीडशे माणसं, हजारो पत्ते, सगळ्यांच्या पाठी एकसारख्या. एखादा इकडचा तिकडे झाला तर? घड्याळजींचा आठ वर्षं जपलेला पत्ता हरवला तर? ओळखायचा कसा?

काकांनी कार्यालयातलं बारीक टोकाचं, न पुसणाऱ्या शाईचं पेन काढलं. एकेक पत्ता त्याच्या पारदर्शक पाकिटातून अलगद बाहेर घेतला आणि पाठीवर उजव्या कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढा आकडा टाकला. यादीतल्या अनुक्रमांकाप्रमाणे. एक ते साठ. इतका सुबक की भिंगाशिवाय दिसू नये. शाई वाळवली, पत्ते पाकिटांत घातले, डबा बंद केला. 'तळघराचा राखणदार' चावतही नाही आणि सभेत बोलतही नाही, म्हणून त्यांनी त्याला पिशाच्चांत न धरता 'बाकीचं'मध्ये टाकलं होतं; तो एक्केचाळीस नंबरला आला. त्याच्या पाठीवर आकडा टाकताना काकांनी श्वास रोखून धरला होता.

संध्याकाळी लेक दमून आली. "मोजलेत?"

"दोनदा."

तिने डबा उघडलाही नाही, तसाच पिशवीत ठेवला.

स्पर्धा एका क्लबाच्या सभागृहात होती. टेबलांच्या रांगा, वर काळे पडदे, आणि मुख्य पंच म्हणून तिशीचा एक दाढीवाला, अंगात काळा झगा आणि तोंडात प्लास्टिकचे सुळे. नियम समजावताना किंवा काही गंभीर बोलायचं असलं की तो सुळे काढून खिशात ठेवायचा, आणि मग परत लावायचा. काका भिंतीशी प्रेक्षकांच्या खुर्चीवर पिशवीत पुस्तिका, यादीची प्रत आणि पाण्याची बाटली घेऊन बसले. काकूंनी "मला नाही ती भुतं बघवत" म्हणून घरूनच आशीर्वाद दिला होता.

पहिल्या फेरीत लेकीसमोर एक धिप्पाड माणूस चावणाऱ्यांचा कॅट घेऊन बसला होता. तिने पहिल्याच चालीत सभा बोलावली. त्याने चावायला तोंड उघडलं की तिची सभा. सभा संपली की इतिवृत्त. पन्नास मिनिटांनी तो म्हणाला, "ताई, मी हरलो, पण ही सभा आवरा." आजूबाजूची टेबलं हसली. दुसरी फेरी जिंकली. तिसरीही. तिच्या टेबलाभोवती गर्दी जमायला लागली. कोणीतरी म्हणालं, "थीमचं बक्षीस हिलाच." तिसरी फेरी संपल्यावर लेकीने मान वळवून भिंतीकडे, बाबांकडे बघितलं, आणि अंगठा वर केला. काकांना उगीचच पाणी प्यावं लागलं.

चौथ्या फेरीत समोर येऊन बसले घड्याळजी. काकांना आनंदच झाला, ओळखीचा माणूस म्हणून. खेळ रंगला. घड्याळजी शांतपणे खेळत होते, रक्त कमी कमी होत होतं. मग लेकीने टेबलावर मांडलेला राखणदार उचलून पालथा ठेवला. घड्याळजींचा हात थांबला. त्यांनी वाकून बघितलं. खिशातून भिंगाची नळी काढली, डोळ्याला लावली आणि पुन्हा बघितलं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "हा माझा पत्ता ना? ह्याच्या पाठीवर एक्केचाळीस कोणी लिहिलं?"

लेकीने पत्ता उचलला. डोळ्यांशी धरला. मग दुसरा उचलला, तिसरा उचलला. भिंतीपाशी बसलेल्या काकांना तिचा चेहरा दिसत होता, पण काय झालंय हे कळत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा कोणी पंचांना हाक मारून आला. पंच आला, त्याने भिंग मागून घेतलं, आठ-दहा पत्ते तपासले, आणि तोंडातले सुळे काढून खिशात ठेवले.

तेव्हा कुठे काका धावत गेले.

"मी टाकलेत ते नंबर! तिचा काही संबंध नाही!"

पंचाने लेकीने दिलेली यादी मागवली. यादीतला अनुक्रमांक आणि पत्त्यावरचा आकडा ताडून बघितला. साठच्या साठ जुळले. "एक ते चौदा पिशाच्चं, पंधरा ते पस्तीस सभा," तो स्वतःशीच म्हणाला. "पुढचा पत्ता कुठला येणार हे पाठीवरून कळतं. मी बऱ्याच लबाड्या पाहिल्यात, पण इतकी शिस्तशीर नाही पाहिली."

"लबाडी?" काकांचा आवाज चिरकला. एकतीस वर्षांत एक टाचणी इकडची तिकडे न केलेला माणूस तो. "अहो, नग म्हटला की नंबर येतोच! हरवू नये म्हणून टाकलेत. नियमांची पुस्तिका मी स्वतः दोनदा वाचलीय, ही बघा." आणि त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढून पंचाच्या हातात दिली.

पंचाने अडतिसावं पान उघडलं. 'पत्त्यांच्या पाठीवर कोणतीही ओळखखूण नसावी.' त्याखाली लाल शाईने, पट्टी लावून, सरळ रेघ मारलेली होती.

काका त्या रेघेकडे बघत राहिले. वाचताना त्यांना वाटलं होतं, खूण म्हणजे डाग, चरा, दुमडलेला कोपरा. नंबर म्हणजे खूण? नंबर म्हणजे व्यवस्था! हे ते पंचाला सांगायला गेले, पण अर्ध्यातच त्यांना स्वतःचं ऐकू आलं आणि ते थांबले. मग त्यांनी कागद मागितला. 'सदर साठ नगांवर क्रमांक माझ्याच हस्ताक्षरात टाकले असून खेळाडूस त्याची पूर्वकल्पना नव्हती' असं लिहून खाली सही केली, तारीख घातली आणि दुसरी प्रत लिहायला घेतली.

"काका, तुमच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही," पंच म्हणाला. चांगला माणूस होता, अवघडला होता. "पण तीन फेऱ्या ह्या पत्त्यांनी झाल्यात. कोणी केलं आणि का केलं, हे नियमात येत नाही. डेकची जबाबदारी खेळाडूची. खेळाआधी तपासला नाही का, ताई?"

"नाही," लेक म्हणाली. "बाबांनी मोजला होता."

एवढंच बोलली. आरडाओरडा केला असता तर काकांना सोसला असता. फळ्यावर तिच्या नावापुढे 'बाद' लिहिलं गेलं, आणि कंसात 'खूण केलेले पत्ते'. सभागृहात जो तो फळ्याकडे बघायचा आणि मग तिच्याकडे. घड्याळजी काकांजवळ येऊन म्हणाले, "मी बोललोच नसतो तर बरं झालं असतं हो." काकांना त्यांचं समाधान करावं लागलं.

बसमध्ये लेकीने बाबांना खिडकीची जागा दिली. निळा डबा तिच्या मांडीवर होता. काकांनी वाटभर मनात वाक्य जुळवलं. 'चुकलं माझं' एवढे दोनच तर शब्द. पंचाला त्यांनी सगळं दोन प्रतींत लिहून दिलं होतं. इथे तोंडातून एक प्रत निघेना. शेवटी ते म्हणाले, "पुढच्या वेळी..." आणि पुढची वेळ नाही हे आठवून खिडकीबाहेर बघायला लागले.

उरलेला आठवडा सामान बांधण्यात गेला. लेक नेहमीसारखी बोलायची, चहा विचारायची, पण संध्याकाळी टेबलावर पत्ते पसरले नाहीत. अकरा खोकी झाली. काका प्रत्येक खोक्याला चिकटपट्टी लावायचे, हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा, आणि ते तो मागे घ्यायचे. अकराही खोकी कोरी गेली. काकू म्हणाल्या, "अहो, बरं आहे ना तुम्हाला?" लेक गेली, आणि जाताना निळा डबा खुर्ची क्रमांक दोनवर ठेवून गेली.

चार दिवस काकांनी डब्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी अर्धी रजा काढून दुपारी त्यांनी तो उघडला आणि पत्ते मोजले. एकोणसाठ. उलटे मोजले, एकोणसाठ. दप्तरी ठेवलेली यादी काढली आणि आकडे लावत गेले. एकोणचाळीस, चाळीस, बेचाळीस.

एक्केचाळीस नव्हता.

काकांनी टेबलाखाली बघितलं, डबा पालथा करून बघितला. मग हळूच खुर्चीवर बसले आणि लेकीला फोन लावला.

"बाळ, थोडा वेळ आहे का?"

"आत्ता नाही बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मीटिंग चालू आहे."

सभा चालू असताना कोणी कोणाला काही करू शकत नाही. पान एकोणीस.

"बरं बरं. एवढंच विचारायचं होतं, एक्केचाळीस नंबर..."

"माझ्याकडे आहे." ती पटकन म्हणाली. "आणि बाबा, खोक्यांवर नंबर का नाही टाकलेत? चार दिवस झाले, कशात काय आहे काही कळत नाहीये. साधा कप सापडत नाही मला. ठेवू?"

"ठेव," काका म्हणाले, आणि फोन बंद झाल्यावरही बराच वेळ कानाशीच धरून बसले.

मग त्यांनी पेन उघडलं. यादीत एक्केचाळिसाव्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात आधी त्यांनी सवयीने 'कमी' असं लिहिलं. ते खोडलं. खोडाखोडीवर आद्याक्षरी सही केली. आणि बारीक अक्षरात लिहिलं: 'लेकीकडे आहे. पाठीवर आकडा टाकला, ही चूक माझी. तिला जिंकायचं होतं.' खाली पूर्ण सही, तारीख.

त्याच्या त्यांनी तीन प्रती केल्या. एक दप्तरी ठेवली, एक निळ्या डब्यात घातली, आणि तिसरी पाकिटात घालून, वर लेकीचा नवा पत्ता लिहून, चार वाजायच्या आत स्वतः जाऊन पोस्टात टाकून आले.